पुरस्कार पाठ झाले, पुस्तक राहिलं

प्रश्न : आमचा बारा-तेरा जणांचा वाचनगट आहे. सहा वर्षांपूर्वी मीच तो सुरू केला. दर महिन्याला एक लेखक घ्यायचा, शक्यतो ज्याची जयंती किंवा पुण्यतिथी त्या महिन्यात येते असा, आणि त्याच्याविषयी दोन तास बोलायचं, अशी पद्धत. पहिली दोन-तीन वर्षं मजा आली. आता काय होतं, तर प्रत्येक जण मोबाइलमध्ये बघून जन्म, शिक्षण, पुस्तकांची नावं, पुरस्कार वाचून दाखवतो. तीच माहिती चार तोंडांतून चारदा येते. शेवटी टाळ्या, फोटो. गेल्या महिन्यात गटातले सगळ्यात वयस्कर काका, जे एरवी तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "आज ज्यांचं एवढं कौतुक केलं, त्यांचं एक तरी पुस्तक इथे कुणी पुरं वाचलंय का?" कुणाचाच हात वर गेला नाही. माझाही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यात पुढच्या खेपेला चार्ल्स डिकन्स ठरलाय, आणि गटातली एक तरुण मुलगी म्हणते, ज्याने दहा मुलांच्या आईला घराबाहेर काढलं त्याचा उत्सव कसला? यावरून दोन तट पडलेत. गट बंदच करावा असं वाटू लागलंय. आम्ही वाचक तरी आहोत का?
– एक संयोजिका

उत्तर :

प्रिय ताई,

गट बंद करू नका. आधी काकांना फोन करा आणि त्यांचे आभार माना. सहा वर्षांत तुमच्या गटात विचारला गेलेला हा बहुधा सगळ्यात चांगला प्रश्न असेल. तो तोंडावर यायला सहा वर्षं लागली, यावरून तुमच्या बैठकांमध्ये प्रश्नाला किती जागा होती तेही दिसतं. रागावू नका. माझीही एक फजिती सांगते, म्हणजे फिटंफाट होईल.

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाने मला फ्रान्झ काफ्का या लेखकावर बोलायला बोलावलं होतं. तयारी दणकून केली. प्राग शहर, विमा संस्थेतली नोकरी, बापाचा धाक, तीनदा ठरून मोडलेलं लग्न, १९२४ मध्ये क्षयाने मृत्यू. आणि हुकमाचं पान शेवटी : माझं सगळं लिखाण जाळून टाक, असं त्याने मित्राला, मॅक्स ब्रोडला, लिहून ठेवलं होतं आणि ब्रोडने ते जाळलं नाही. इथे मी जरा थांबलेसुद्धा, लोकांना हळहळायला वेळ मिळावा म्हणून. पुढच्याच रांगेत आठवी-नववीतली एक मुलगी बसली होती. तिने हात वर केला. "जाळलं नाही ते बरं झालं. पण त्यात लिहिलंय काय?"

मी म्हटलं, एका माणसाला एका सकाळी अटक होते आणि आपला गुन्हा काय, ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

"मग?"

मग काय होतं ते मला सांगता येईना. ते पुस्तक मी वीस वर्षांपूर्वी अर्धं वाचून ठेवून दिलं होतं. आगीतून वाचलेल्या कागदांबद्दल मी चाळीस मिनिटं बोलले आणि ते कागद मीच वाचले नव्हते. त्या मुलीला मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. ती शहाणी होती, खाली बसली. तेव्हा तुमच्या न वर गेलेल्या हातांमध्ये माझा एक धरा.

घरी येऊन मी ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. पण त्याहून कामाची गोष्ट म्हणजे माझ्या टिपणांचा कागद मी समोर ठेवला आणि एकेका वाक्यापुढे खूण करत गेले : हे ऐकून कुणाला पुस्तक उघडावंसं वाटलं असतं का? पुरस्कार ऐकून वाटत नाही. जन्मगाव ऐकूनही नाही. तीस वाक्यांतली दोन उरली. त्यातलं एक असं : २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला काफ्का लिहायला बसला आणि सकाळी सहाला उठला, तोवर एक आख्खी कथा लिहून झाली होती. बसून बसून पाय असे आखडले होते की ते टेबलाखालून बाहेर काढणं मुश्कील झालं, असं त्याने डायरीत लिहिलंय. 'निवाडा' अशा अर्थाचं नाव असलेली ती कथा एका बैठकीत वाचून होते. एवढं ऐकलं की ती मागायला माणूस हात पुढे करतो. निदान त्या मुलीने तरी केला असता.

म्हणजे लेखकाच्या आयुष्याबद्दल बोलण्यात काही गैर नाही. मला स्वतःला चरित्रं फार आवडतात, कधी कधी पुस्तकांपेक्षाही, हे कबूल करायला हरकत नाही. तुमचं बिघडलंय ते एवढंच की तुम्ही आयुष्याचा गोषवारा वाचता. गोषवाऱ्यात सगळे लेखक सारखेच दिसतात : जन्मले, हालात वाढले, लिहू लागले, गौरवले गेले, वारले. नाव बदललं तरी चालेल.

डिकन्सचंच घेऊ, तोच पुढ्यात आहे. मोबाइल सांगेल : जन्म ७ फेब्रुवारी १८१२, मृत्यू ९ जून १८७०, पंधरा कादंबऱ्या, त्यातली शेवटची अपुरी. ऐकलं आणि विसरलो. आता हे बघा.

१८२४ साल. मुलगा नुकताच बारा वर्षांचा झालाय. घर कर्जात बुडालेलं, म्हणून त्याला शाळेऐवजी कामावर धाडतात, आणि थोड्याच दिवसांत वडील कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात जातात. कामाची जागा म्हणजे थेम्सच्या काठावरची एक मोडकळीला आलेली, उंदरांनी भरलेली इमारत. तिथे बुटांचं काळं पॉलिश तयार होतं. मुलाचं काम काय? पॉलिशच्या बरणीच्या तोंडावर आधी तेलकट कागद ठेवायचा, त्यावर निळा कागद, मग दोऱ्याने घट्ट बांधायचं, कडेचा कागद कात्रीने सारखा गोल कापायचा, आणि अशा पुरेशा बरण्या झाल्या की प्रत्येकीवर छापील लेबल डकवायचं. दिवसभर हेच. दोऱ्याची गाठ कशी मारायची ते पहिल्या दिवशी दुसऱ्या एका मुलाने दाखवलं. त्याचं नाव बॉब फेगिन.

हा बॉब मोठा मायाळू पोरगा. एकदा छोट्या चार्ल्सच्या कुशीत कळ आली, तर बॉबने पॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून अर्धा दिवस त्याला शेक दिला. संध्याकाळी एकट्याला जाऊ देईना, घरापर्यंत सोडायला निघाला. आता आली का पंचाईत! घरचे लोक वडिलांबरोबर तुरुंगातच राहतात, हे चार्ल्सला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तो भलत्याच एका घराच्या पायऱ्यांवर थांबला, "हेच माझं घर" म्हणून बॉबशी हात मिळवला, आणि बॉबने मागे वळून पाहिलं तर संशय नको म्हणून खरंच दार ठोठावलं. बाईने दार उघडलं तेव्हा विचारलं, "मिस्टर रॉबर्ट फेगिन इथेच राहतात का?"

पुढे लेखक झाल्यावर या माणसाने 'ऑलिव्हर ट्विस्ट' मधल्या चोरांच्या म्होरक्याला नाव दिलं फेगिन. शेक देणाऱ्या मुलाचं नाव, पोरांना चोरी शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला! असं का केलं असेल, यावर तुमचा गट नुसता तासभर भांडू शकेल, आणि त्या भांडणात कुणालाही मोबाइल काढावा लागणार नाही.

अजून थोडं सांगते, कारण याच्यापुढचं मला सोडवत नाही. कारखान्याची जागा बदलल्यावर उजेडासाठी मुलांना खिडकीशी बसवलं. हात इतके चपळ झाले होते की रस्त्यावरचे लोक थांबून बघत. एकदा काम चालू असताना वडीलच दारातून आत आले. त्यांना हे बघवलं कसं, असं मुलाच्या मनात आलं. शेवटी वडिलांचं तिथल्या माणसाशी भांडण झालं आणि मुलगा सुटला. पण आई म्हणाली, भांडण मिटवू, पोराला परत पाठवू. वडिलांनी ऐकलं नाही, मुलगा शाळेत गेला. आपल्याला परत पाठवायला आई उत्सुक होती, हे मात्र डिकन्स जन्मभर विसरला नाही. तसं त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय.

लिहून ठेवलं आणि लपवलं. ते कागद त्याने जॉन फॉर्स्टर या मित्राला दिले. जगाला ही गोष्ट कळली ती डिकन्स गेल्यावर फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. पोटच्या मुलांनासुद्धा ठाऊक नव्हती. शेवटच्या नाताळात घरात एक खेळ चालला होता : प्रत्येकाने एक शब्द जोडायचा आणि आधीचे सगळे क्रमाने म्हणून दाखवायचे. डिकन्सची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "वॉरेन्स ब्लॅकिंग, थर्टी स्ट्रँड." त्याच्या आवाजातलं आणि डोळ्यांतलं काहीतरी मुलाच्या, हेन्रीच्या, लक्षात राहिलं. अर्थ कळला तो बाप गेल्यावर. पॉलिशच्या लेबलावरचं ते नाव होतं.

आता 'डेव्हिड कॉपरफील्ड' चं अकरावं प्रकरण उघडा. तिथे दहा वर्षांचा एक मुलगा नदीकाठच्या उंदरांच्या वखारीत बाटल्या धुतोय, बुचं बसवतोय, लेबलं चिकटवतोय. दोन पानं वाचली तरी पुरे. आणि मग एक फरक बघा. पुस्तकातल्या डेव्हिडची आई या वेळेपर्यंत वारलेली आहे. त्याला वखारीत धाडतो तो सावत्र बाप. खऱ्या मुलाची आई जिवंत होती आणि त्याला परत पाठवू म्हणत होती. लेखकाने पुस्तकात आईला मायाळू केलं आणि मग मारून टाकलं, दोष सावत्र बापाच्या पदरात टाकला. हा माझा तर्क आहे, चुकीचाही असेल. पण बघा, आयुष्य आणि पान असं शेजारी ठेवलं की दोन्हीकडे उजेड पडतो. तुम्ही नुसतं आयुष्य ठेवत होतात, तेही आटवून.

आता त्या मुलीच्या आक्षेपाकडे वळू. तिला गप्प बसवू नका, कारण तिची माहिती बरोबर आहे. कॅथरीनशी डिकन्सचं लग्न झालं १८३६ मध्ये. दहा मुलं झाली. १८५८ मध्ये त्याने तिला वेगळं काढलं. तेव्हा एलेन टर्नन ही कोवळ्या वयाची अभिनेत्री त्याच्या आयुष्यात आली होती. एवढ्यावर थांबला नाही. आपली बाजू मांडणारं निवेदन त्याने स्वतःच्याच साप्ताहिकात छापलं, म्हणजे घरातलं भांडण हजारो वाचकांपुढे नेलं. थोरला मुलगा आईबरोबर गेला, बाकीची मुलं बापाकडे राहिली. कॅथरीनची सख्खी धाकटी बहीणदेखील त्याच्याच घरात राहिली. बाईला काय वाटलं असेल याची कल्पना करा.

तुमच्या गटात कुणीतरी म्हणेलच, "अहो, तो काळच तसा होता." चालवून घेऊ नका. त्याच काळात त्याच्या प्रकाशकांनी ते निवेदन आपल्या 'पंच' नियतकालिकात छापायला नकार दिला होता, आणि त्यावरून डिकन्सने त्यांच्याशी संबंध तोडले. म्हणजे हे शोभत नाही, हे त्या काळातल्या लोकांनाही कळत होतं.

मग काय करायचं? माझं मत विचाराल तर त्या मुलीला अर्धा तास द्या आणि विषय द्या कॅथरीन डिकन्स. खटला नको, ओळख. कॅथरीनने १८५१ मध्ये टोपणनावाने एक पुस्तक छापलं होतं, घरच्या पंगतीच्या बेतांच्या याद्यांचं. एवढ्या मोठ्या लेखकाच्या घरात आणखी एक लेखक होती, हे किती जणांना ठाऊक असतं? आणि १८७९ मध्ये मरण जवळ आलं तेव्हा तिने नवऱ्याची जपून ठेवलेली पत्रं मुलीच्या हाती दिली आणि सांगितलं, ही ब्रिटिश म्युझियमला दे. एके काळी त्याचं माझ्यावर प्रेम होतं हे जगाला कळू दे. त्या पत्रांसमोर मला बोलायला काही सुचत नाही. टाकलेल्या पोराचं दुःख ज्याला इतकं नेमकं लिहिता आलं, त्यानेच बायकोला असं टाकलं. या दोन गोष्टींचा मेळ मी घालत नाही. घालणाऱ्यांचा मला संशय येतो. दोन्ही एकाच बैठकीत मांडा आणि तशाच राहू द्या. एवढं करूनही तिला डिकन्स वाचायचा नसेल तर नाही वाचणार. लेखकांचा काही दुष्काळ पडलेला नाही.

आणि 'उत्सव' या शब्दावरच अडलं असेल तर तो शब्द काढून टाका. फोटो, टाळ्या आणि प्रशस्ती यांत कुणी गुंतलं नाही, तर भांडण निम्मं आपोआप मिटेल.

तारखांचंही तेच. जयंती-पुण्यतिथीच्या वेळापत्रकाने तुमची निवड बांधून टाकलीय. एखाद्या महिन्यात कुणाला जे वाचावंसं वाटतंय त्याचा लेखक जन्मला भलत्याच महिन्यात, मग तो बाद! इतकं काय आहे त्या तारखांत? २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन. युनेस्कोने तो १९९५ मध्ये ठरवला, कारण स्पेनचा लेखक सर्व्हान्टिस आणि इंग्लंडचा शेक्सपिअर दोघंही २३ एप्रिल १६१६ ला गेले असं मानतात. आता गंमत अशी की तेव्हा स्पेनमध्ये नवं ग्रेगोरियन कॅलेंडर होतं आणि इंग्लंड जुन्या ज्युलियन कॅलेंडरवरच होतं. दोन्हींत दहा दिवसांचा फरक. म्हणजे तारीख एक असली तरी शेक्सपिअर दहा दिवस मागाहून गेला. आणि सर्व्हान्टिसचा मृत्यूही २२ चा, २३ ला दफन झालं असं अभ्यासक सांगतात. पुस्तकांचा सगळ्यात मोठा दिवस असा दोन कॅलेंडरांच्या फटीत उभा आहे आणि त्याने कुणाचं काही बिघडलेलं नाही. तेव्हा तुम्ही फेब्रुवारीतला लेखक ऑगस्टमध्ये घेतलात तर तो काही उठून जाब विचारणार नाही.

निवड सैल केलीत की नेहमीच्या यादीबाहेरची माणसंही आत येतील. माझ्या मनात एक बैठक बरेच दिवस घोळतेय, ती तुम्हाला देऊन टाकते : ज्यांनी लिहिलं नाही, पण ज्यांच्यामुळे लिहिलेलं आपल्यापर्यंत पोचलं, त्यांची. अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सन १८८६ मध्ये गेली. तिच्या हयातीत जेमतेम दहाएक कविता छापल्या गेल्या होत्या, त्याही नावाशिवाय. बहीण लॅव्हिनियाने तिचं सामान उघडलं तर हाताने शिवलेल्या छोट्या वह्या निघाल्या, चाळीसेक, शिवाय सुटे कागद. सगळ्या मिळून सुमारे अठराशे कविता. एमिलीने आपली पत्रं जाळायला सांगितली होती, ती लॅव्हिनियाने जाळली. कवितांबद्दल मात्र काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्या तिने उराशी धरल्या आणि छापून येईपर्यंत लोकांच्या मागे लागली. पहिला संग्रह आला १८९० मध्ये.

आपल्या बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताच येत नव्हतं. ओव्या घरकामात, शेतात सुचायच्या, त्या घरातल्या माणसांनी कागदावर उतरवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. आईच्या कविता त्यांनी आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. म्हणजे ज्या बाईंना आपलं पुस्तक हातात आलं असतं तरी वाचता आलं नसतं, त्यांच्या ओळी आज कितीतरी लोकांना तोंडपाठ आहेत. आम्ही वाचक आहोत का, असं तुम्ही विचारता. बहिणाबाई वाचक नव्हत्या. सोपानदेव मात्र ऐकणारे होते. तुमच्या गटाने ऐकण्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

आणि ॲना. १८६६ मध्ये रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्की असा अडकला होता की १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं त्याचं सगळं लिखाण प्रकाशक फुकट छापणार. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ झालेली नव्हती. मग वीस वर्षांची एक लघुलेखिका कामाला ठेवली, तीच ही ॲना. तो दुपारी सांगायचा, ती टिपून घ्यायची आणि रात्री घरी बसून सुवाच्य उतरवून आणायची. सव्वीस दिवसांत 'जुगारी' पूर्ण. मुदतीच्या दिवशी प्रकाशक मुद्दामच गावाला गेलेला! मग हस्तलिखित पोलीस ठाण्यात देऊन पावती घेतली. पुढच्या फेब्रुवारीत दोघांनी लग्न केलं, आणि काही वर्षांनी ॲनानेच नवऱ्याची पुस्तकं छापून विकायचा धंदा हातात घेतला. अशा प्रकाशकाचा अनुभव आल्यावर दुसरं कोण काय करेल? ही कादंबरी लहानशी आहे आणि धापा टाकत वाचून होते. सव्वीस दिवसांची घाई तिच्या वाक्यांत जाणवते का, ते बघायला सांगा गटाला.

तुमच्या मुख्य दुखण्याविषयी, म्हणजे कुणीच पुरं पुस्तक वाचलेलं नाही याविषयी, मला तुमच्याइतकं वाईट वाटत नाही. महिन्याला एक लेखक म्हणजे सहा वर्षांत बहात्तर लेखक. बहात्तर लेखकांची एकेक जाड कादंबरी नोकरी-संसार सांभाळून कोण वाचणार? अँथनी ट्रोलोप नावाचा एक इंग्रज लेखक टपालखात्यात नोकरी करून सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहून गेला. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला अडीचशे शब्द. त्याच्या मृत्यूनंतर आत्मचरित्रातून हे बाहेर आलं तेव्हा रसिकांनी नाकं मुरडली, प्रतिभा अशी घड्याळावर चालते का म्हणून. मला तो फार आवडतो. पण घड्याळावरची ती शिस्त लिहिणाऱ्याला जमली तरी तेरा जणांच्या गटावर लादू नका. महिन्याला एक पुस्तक पुरं करायचंच असा नियम केलात, तर तिसऱ्या महिन्यात चार जण उरतील आणि त्यातले दोन खोटं बोलतील.

त्यापेक्षा बैठकीतच वाचा. मोठ्याने. डिकन्ससाठी हे मुळीच कमीपणाचं नाही, कारण त्याच्या कादंबऱ्या हप्त्या-हप्त्याने निघायच्या आणि घराघरांत एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार, अशाच पोचायच्या. तो स्वतः व्यासपीठावरून आपल्या पुस्तकांतले प्रसंग वाचायचा, आवाज बदलून, हातवारे करून, आणि मरणाआधी तीन महिन्यांपर्यंत वाचत राहिला. या वाचनांसाठी त्याने वेगळ्या प्रती तयार केल्या होत्या. त्यात वाक्यं खोडलेली, समासात स्वतःला सूचना लिहिलेल्या. लेखकालाही आपलं पुस्तक जसंच्या तसं पुरं वाचावंसं वाटत नव्हतं, हे काकांना सांगा.

अनुवाद हाताशी असेल तर उत्तम. नसेल, तर इंग्रजी बरं असलेल्या दोघांनी मिळून अकराव्या प्रकरणातली दोन पानं आपल्या मराठीत करून आणावीत, वाकडीतिकडी झाली तरी चालतील. एका वाक्यासाठी तीन शब्द खोडून चौथा लिहिताना जेवढं वाचून होतं, तेवढं दोनशे पानं नजरेखालून घालून होत नाही. हे मी अनुभवावरून सांगते. आणि कुणी एखादं सुंदर सुवचन घेऊन आलं, की "हे कुठल्या पुस्तकातलं?" एवढंच विचारा. हल्ली प्रत्येक मोठ्या लेखकाच्या नावावर दुसऱ्याच कुणाची तरी वाक्यं फिरत असतात. पान सांगता आलं नाही तर ते वाक्य बाजूला ठेवायचं, भांडायचं नाही.

तेव्हा पुढची बैठक साधारण अशी करून बघा. जन्म-मृत्यू-पुरस्कार तुम्ही एका कागदावर लिहून दाराशी लावा, ज्याला हवं तो येता-जाता वाचेल. आधी कुणीतरी एकाने बॉब फेगिनची आणि त्या खोट्या घराची गोष्ट सांगायची, कागद न बघता, पाच-सात मिनिटं. मग वखारीतली पानं. मग त्या मुलीची कॅथरीन. मधल्या शांततेला घाबरू नका, संयोजकांना ती फार बोचते आणि लगेच आभार मानायची घाई होते. उरलेला वेळ ज्याला जे म्हणायचंय त्याचा. कुणालाच काही म्हणायचं नसेल तर तीच पानं दुसऱ्या आवाजात पुन्हा वाचा.

पानं वाचायला पहिल्यांदा काकांना सांगा. नाही म्हणतील, थोडा आग्रह करा. आणि फोनवर एवढं विचारून घ्या, की छपाई मोठ्या अक्षरात लागेल का.